बंद पडण्याचा पुरावा

आमची गाडी फक्त माझ्याच हातात बंद पडते, असा निष्कर्ष आमच्या अलकनंदा सोसायटीनं एकमतानं काढला. सोसायटीच्या इतिहासात एकमतानं झालेला हा पहिलाच निर्णय. पाण्याची टाकी, पार्किंग, गरब्याचा स्पीकर, यांपैकी कशावरही ज्या मंडळींची दोन डोकी कधी एका दिशेला हलली नाहीत, ती माझ्या बाबतीत सगळी एकदम हलली. सेक्रेटरी या नात्यानं मला खरं तर समाधान वाटायला हवं होतं.

गाडी बंद पडायची ती अशी. मी बडोद्यात कारेलीबागेतून दांडिया बाजाराकडे निघायचो. गाडी छान चालायची. मग मध्येच, काही कारण नसताना, इंजिन गप्प व्हायचं. धूर नाही, खोकला नाही, आचका नाही. बोलता बोलता एखादा वयस्कर पाहुणा झोपी जावा, तसं. मागचे लोक हॉर्न वाजवायचे, काही जण माझ्या वयाचा उल्लेख करायचे. मी किल्ली फिरवली की गाडी लगेच सुरू व्हायची आणि मघाशी काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं पुढे चालायची. कधी आठवडा सुखात जायचा, कधी कोठीच्या चौकापर्यंत पोचेस्तोवर दोनदा लाज जायची.

पहिल्यांदा हे घरी सांगितलं, तेव्हा चारुलता, म्हणजे माझी पत्नी, एवढंच म्हणाली, "पेट्रोल होतं ना?"

पेट्रोल होतं. हा प्रश्न नंतर मला सगळ्यांनीच विचारला. मी कॉलेजात जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं. अशा माणसाला पेट्रोलचं विचारू नये, एवढा पोच समाजात उरलेला नाही.

गाडी आमच्या मेकॅनिक हसमुखभाईंकडे नेली. हसमुखभाई नावाप्रमाणे अजिबात नाहीत. त्यांनी बॉनेट उघडलं, आत बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "कशो वांधो नथी." आता हा शब्द बघा. मराठीत वांधे होतात आणि गुजरातीत वांधो नसतो. शब्द एकच, पण एका समाजानं तो तक्रारीसाठी ठेवला आणि दुसऱ्यानं दिलाशासाठी. मी बडोद्याचा मराठी असल्यामुळे मला दोन्ही पद्धतींनी काळजी करता येते.

"चावी आपो," हसमुखभाई म्हणाले.

मी जुडग्यातून गाडीची किल्ली काढून दिली. घराच्या किल्ल्या परक्याच्या हाती देऊ नयेत, ही आमच्या घराण्याची शिकवण. शिवाय माझा जुडगा म्हणजे नुसत्या घराच्या किल्ल्या नव्हेत. त्यात सोसायटीच्या गच्चीची, मीटरच्या खोलीची आणि पंपाची किल्ली आहे. दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटांच्या किल्ल्या आहेत. आणि बाकीच्या सगळ्या बंद घरांच्या. आमच्या सोसायटीतली निम्मी मुलं परदेशात, आणि नातवंडं सांभाळायला त्यांचे आईवडीलही. विमानतळावर जाताना टॅक्सीत सामान चढवून झालं की लोक माझ्या दारात येतात. "दामोदरभाई, आ चावी तमारी पासे." मग मी महिन्यातून एकदा त्यांच्या घरी जाऊन नळ सोडतो, खिडक्या उघडतो, देवांची धूळ पुसतो. आमच्या मुलानं, सलीलनं, मांजलपूरला घेतलेल्या फ्लॅटची किल्लीही त्यातच आहे. सलील कॅनडात असतो. त्या फ्लॅटमध्ये तो अजून एकदाही राहिलेला नाही. जुडगा टेबलावर ठेवला की स्वयंपाकघरातून चारुलता "आलात का?" म्हणते. मी आल्याची खूण म्हणजे तो आवाज.

असो. हसमुखभाईंनी गाडी चालवून पाहिली. फतेगंजपर्यंत गेले, परत आले. गाडी बंद पडली नाही. त्यांनी प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला, आणि एक कॉम्प्युटर जोडून गाडीला तिची तक्रार विचारली. गाडीची काहीही तक्रार नव्हती. मी किल्ली परत जुडग्यात अडकवली, गाडी घेऊन निघालो, आणि त्यांच्या गॅरेजसमोरचा गटाराचा उंचवटा ओलांडताना ती बंद पडली. हसमुखभाई दारातच उभे होते. ते गाडीकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

यानंतर सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरच्यांनी पेट्रोलमध्ये पाणी असल्याचं सांगितलं. त्यांच्या मेहुण्यांनी पाण्यात पेट्रोल असल्याचं सांगितलं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं, इतका मी मऊ झालो होतो. कोणी बॅटरी बदलायला लावली. कोणी लिंबू-मिरची बांधली. ती माझ्या परवानगीवाचून बांधली, आणि मी ती सोडली नाही, हे एका तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाबद्दल पुरेसं बोलकं आहे.

सगळ्यात खोल घाव घातला तो तळमजल्यावरच्या धैर्यशीलरावांनी. त्यांचे पणजोबा संस्थानाच्या पागेवर होते. धैर्यशीलराव स्वतः कधी घोड्यावर बसलेले नाहीत, गाडी चालवत नाहीत आणि रिक्षातही कुरकुरत बसतात. पण पागा त्यांच्या बोलण्यातून जात नाही. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर थाप दिली आणि म्हणाले, "सबनीस, जनावरात खोट नाही. जनावर स्वार ओळखतं."

"म्हणजे?"

"म्हणजे मांड सैल झाली की ते थांबतं. आपण होऊन थांबतं. खाली पाडत नाही, हा त्याचा मोठेपणा."

हे वाक्य संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीत गेलं. मग चारुलतेनं आपल्या पर्समधली जादा किल्ली काढली, एकटीनं गाडी मांजलपूरला नेली, सलीलचा फ्लॅट झाडून घेतला आणि गाडी परत आणली. गाडी कुठेही बंद पडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा नेली. तेव्हाही नाही. मी शेजारी बसून गेलो, तरी नाही.

आता मी मुलांना पस्तीस वर्षं शिकवलं होतं की, जे घडतं तेव्हा हजर असतं आणि घडत नाही तेव्हा गैरहजर असतं, तिथं कारण शोधावं. रस्ता तोच. गाडी तीच. पेट्रोल तेच. हसमुखभाई चालवतात तेव्हा गाडी चालते, चारुलता चालवते तेव्हा चालते. मी चालवतो तेव्हा बंद पडते. उरलो मी. तर्क इतका निर्दोष होता की दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असता तर मी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

खरं सांगतो, मला भीती वाटायला लागली. आपला पाय आपल्या नकळत कुठे जातो का, मध्येच क्षणभर आपण नसतोच का, असं वाटायला लागलं. रात्री जेवताना मी हात समोर धरून बघायचो, थरथरतो का. चारुलताही माझ्या हातांकडेच बघायची. तिचं ते बघणं मला गाडीपेक्षा जास्त लागत होतं.

त्यातच लायसन्सच्या नूतनीकरणाची वेळ आली. डॉक्टरांच्या दाखल्यासाठी गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "काही त्रास?" मी "नाही" म्हणायच्या आत चारुलता म्हणाली, "यांच्या हातात गाडी बंद पडते." डॉक्टरांनी चष्मा काढला. मला एका पायावर उभं केलं. डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितलं. बोट नाकालाच लागलं, तरी त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी कानाच्या डॉक्टरांकडे, आणि कानाच्या डॉक्टरांनी, कान उत्तम आहेत पण दाखला पहिल्या डॉक्टरांनीच द्यायचा असतो, असं सांगून मला परत सुरुवातीला आणून सोडलं. शेवटी दाखला मिळाला. लायसन्सच्या खिडकीवरच्या माणसाला ही हकीगत चारुलतेनं पुन्हा सांगितली, तेव्हा तो म्हणाला, "बंद पडे छे? तो तो सारुं, काका. चाले तो टेन्शन."

कॅनडातून सलीलचा फोन आला. व्हिडिओवर तो मागे बर्फ घेऊन बसला होता.

"बाबा, गाडी काढून टाकू या. अॅप आहे ना, रिक्षा दारात येते."

"गाडीत काहीतरी बिघाड आहे," मी म्हणालो.

"असेल. पण आई चालवते तेव्हा तो होत नाही ना? बाबा, यात लाज कसली? वय सगळ्यांचंच होतं."

मुलगा प्रेमानं बोलत होता, हीच अडचण होती. भांडला असता तर बरं झालं असतं. धैर्यशीलरावांचा पुतण्या समरजित मांजलपूरला राहतो, त्याला गाडी हवीच होती. रविवारी दुपारी तो येऊन गाडी नेणार, असं माझ्यासमोर, माझ्याविषयी, माझ्याशी न बोलता ठरलं. चारुलताही त्यात होती. "तुम्हाला काही झालं तर मी काय करू?" एवढंच तिनं स्वयंपाकघरात मला म्हटलं, आणि कुकरकडे तोंड केलं.

शुक्रवारी सकाळी मी गेटपाशी इंजिन चालू ठेवून थांबलो होतो. गेट उघडायला वॉचमनला हाक मारत होतो. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधल्या रमीलाबेन घरातल्या चपलांवरच धावत आल्या.

"दामोदरभाई! बारणुं बंद थई गयुं, ने दूध गॅस पर छे!"

दार ओढलं जाऊन त्या बाहेर अडकल्या होत्या, आणि त्यांचीही किल्ली अर्थातच माझ्याकडे होती. मी काही म्हणायच्या आत त्यांनी खिडकीतून हात घातला, जुडगा धरला आणि आपली किल्ली शोधायला तो खाली ओढला. इंजिन बंद पडलं.

आवाज थांबला आणि मला पहिल्यांदा तो थांबलेला ऐकू आला. मी गाडी सुरू केली.

"रमीलाबेन, फरीथी खेंचो."

"शुं?"

"खेंचो."

त्यांनी ओढला. इंजिन बंद. मी पुन्हा सुरू केली.

"फरीथी."

"भाई, मारुं दूध!"

"एक ज वार. तमारो उपकार."

दूध उतू गेलं. भांडं करपलं. त्याबद्दल मी नंतर त्यांची रीतसर माफी मागितली आणि नवं पातेलं दिलं. पण त्या क्षणी मला जगातलं सगळं दूध उतू गेलं असतं तरी चाललं असतं. माझं काही बिघडलं नव्हतं! जुडग्याचं वजन वर्षानुवर्षं त्या किल्लीला लटकत होतं. किल्ली बसते ती जागा आतून झिजली होती. खड्डा आला, गाडी उडाली, जुडगा खाली हिसका द्यायचा आणि किल्ली किंचित मागे फिरायची. गाडीला वाटायचं, मालकानं बंद केली. बिचारी आज्ञाधारकपणे बंद व्हायची. हसमुखभाईंना मी सुटी किल्ली दिली होती. चारुलता पर्समधली किल्ली लावत होती. तर्कात चूक नव्हती. फक्त 'मी' मोजताना मी स्वतःला जुडग्यासकट मोजलं नव्हतं.

मी धावत वर गेलो आणि चारुलतेला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं.

"किल्ली ओढली की कुठलीही गाडी बंद पडेल," ती म्हणाली. "ती आपण होऊन, चालता चालता पडली तर खरं."

सलीलचंही तेच मत पडलं. धैर्यशीलराव म्हणाले, लगाम ओढल्यावर घोडा थांबला तर त्यात शोध कसला? तेव्हा मी प्रात्यक्षिक जाहीर केलं. रविवारी सकाळी, समरजित यायच्या आधी, साक्षीदारांसमक्ष, जुडगा लावून मी गाडी चालवणार आणि ती चालता चालता बंद पडणार.

रविवारी आम्ही निघालो. शेजारी धैर्यशीलराव, मागे चारुलता आणि तिच्या हातातल्या फोनवर सलील. मला पहिली आशा होती ती आमच्याच गेटच्या गतिरोधकाची. तो मीच हट्टानं उंच बांधून घेतला होता, आणि त्यावर मी स्वतः अनेकदा बंद पडलो होतो. पाहतो तर गतिरोधक गायब. वॉचमन सलाम करून म्हणाला, "साहेब, बधाए भेगा थईने तमारा माटे ज कढाव्यो." माझी अवस्था पाहून सोसायटीनं वर्गणी काढून तो उखडला होता. हा त्यांचा दुसरा एकमताचा निर्णय.

मी म्हटलं, रस्त्यावर खड्डे आहेतच. पण नवरात्र तोंडावर आलेलं, आणि नवरात्राआधी बडोद्यात खड्डे बुजवतात. ज्या रस्त्यानं मला पावसाळाभर छळलं, तो डांबर ओतून काळाभोर, गुळगुळीत पसरला होता. गाडी त्यावरून लोण्यासारखी चालली. मी मुद्दाम कडेकडेनं नेली, काही नाही. गटाराच्या झाकणांवरून नेली, तीही रस्त्याशी समतल केलेली. आयुष्यात पहिल्यांदाच मला कर भरल्याचा पश्चात्ताप झाला.

"किती छान चालवताय, बाबा," फोनमधून सलील म्हणाला. त्यानं ते धीर द्यायला म्हटलं.

शेवटी मी गाडी थांबवून एका पानवाल्याला विचारलं, "भाई, अहीं नजीकमां खाडो क्यां मळशे?"

माझ्या मागे चारुलतेनं पदर डोक्यावर घेतला. पानवाल्यानं मात्र प्रश्न गंभीरपणे घेतला. "केवो जोईए? नानो के मोटो?"

"मध्यम."

त्यानं शेजारच्या दुकानदाराला विचारलं, दुकानदारानं एका स्कूटरवाल्याला. आठवडाभरापूर्वी सलाटवाड्यात एक चांगला होता, पण बुजवला, याबद्दल तिघांनी हळहळ व्यक्त केली. मग स्कूटरवाल्याला आठवलं, कोठीच्या चौकात पाइपासाठी खणलंय, ते अजून तसंच आहे. "मारी पाछळ आवो," तो म्हणाला आणि आम्हाला पोचवायला पुढे निघाला. या शहराच्या अगत्याबद्दल कोणी काही म्हणू नये.

कोठीला चर होता. आडवा, मातीनं अर्धवट भरलेला. मी वेग कमी केला नाही. गाडी उडाली, धैर्यशीलरावांचं डोकं छताला लागलं, जुडग्यानं हिसका दिला आणि भर चौकात इंजिन बंद पडलं.

"पडली!" मी ओरडलो. "बंद पडली! बघा!"

चारी बाजूंनी हॉर्न सुरू झाले. एक बस आमच्यावर झुकून उभी राहिली. मी दार उघडून रस्त्यावर उतरलो. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते, आणि मी कुणापासून ते लपवलं नाही. फोनमधून सलील म्हणत होता, "ओके बाबा. सॉरी, बाबा. आता गाडीत बसा." धैर्यशीलराव टाळू चोळत होते.  चारुलता मागच्या सीटवरून माझ्याकडे पाहत होती, आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच ती माझ्या हातांकडे न बघता माझ्याकडे पाहत होती.

मी गाडीत बसलो, जुडगा काढून मांडीवर ठेवला, गाडीची किल्ली सुटी केली. पण ती लावायच्या आधी डोळे पुसत बसलो. गुन्हा करणाऱ्याचं ठीक असतं. निर्दोष सुटलेल्या माणसाला मात्र रुमाल लागतो.

"उठा," चारुलता म्हणाली. "मी घेते."

आम्ही जागा बदलली. धैर्यशीलराव मागे गेले, मी शेजारी बसलो. तोवर वाहतूक पोलीस शिट्टी वाजवत आला होता, बसवाला काच खाली करून बोलत होता, आणि बघ्यांत आमचा स्कूटरवालाही होता. चारुलतेनं गाडी सुरू केली, घाईघाईनं गिअर टाकला, क्लच सोडला. गाडीनं एक उडी घेतली आणि बंद पडली.

जुडगा माझ्या मांडीवर होता. किल्ली सुटी होती.  चारुलतेच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

पोलीस तिच्या खिडकीशी वाकला, चालवता येतं का हे विचारायला. "शुं बेन, चलावतां नथी आवडतुं?"

"ना साहेब," मी म्हणालो, "बेन तो वरसोथी चलावे छे. खराबी गाडीमां छे."

पोलिसानं माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि हात वर करून बस थांबवली. चारुलतेनं पुन्हा किल्ली फिरवली. या वेळी गाडी सावकाश चर ओलांडून पुढे गेली.  दांडिया बाजार आला, गेला.

"समरजितला फोन लावा," चारुलता म्हणाली. "म्हणावं, येऊ नकोस. एवढी खराबी असलेली गाडी ओळखीच्या माणसाला देता येत नाही."